लुगड्याची उतरंड

धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती नऊवारी दाराच्या उजेडाला आडवं धरून बघा. काठाची चार बोटं मागावरून उतरली तशीच घट्ट असतात. पदराकडचा हातभर भाग अजून नव्याशी नातं सांगतो. आणि मधोमध, जिथं कासोट्याचा ताण येतो, बसण्या-उठण्याचा भार येतो, तिथं धाग्यांनी एकमेकांची साथ सोडून जाळी धरलेली असते. भोक एकही नसतं. पण दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हलकंच ताणलं की बारीक चर्र ऐकू येतं. तो आवाज आला की तेवढा भाग संपला.

जुन्यातून नवं शिवायचं म्हणजे आधी हे वाचायचं, कात्री नंतर. सुती शर्ट कॉलरच्या घडीवर, कोपरांवर आणि बगलेत जातो. त्याची पाठ, बाह्यांचा वरचा भाग आणि खालचा घेर मात्र माणूस दमला तरी दमत नाहीत. सहावारी पातळ पायाशी घासून जातं आणि खांद्यावर पिनांच्या टोचण्यानं जातं. धोतर बैठकीला आणि गुडघ्याला विरतं. कुणाचं अंग कुठं वाकलं, कुठं टेकलं, हे कापड विसरत नाही. शिवणाऱ्यानं त्या खुणांवर साबणाच्या पातळ चकतीनं रेघ मारून ठेवावी. खडूपेक्षा साबण बरा, धुण्यात जातो आणि विरल्या धाग्याला ओरबाडत नाही.

कृष्णाकाठच्या गावांत या वाचनावरच एक जुनी रीत उभी होती, दंड घालायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्यातला मधला वार-दीड वार विरला की तो आडवा कापून काढायचा आणि उरलेली दोन्ही अंगं पुन्हा जोडायची. नऊवारीचं आठवारी, कधी साडेसातवारी होई. ते जोडणं एका टिपेचं नव्हे. एक कडा पाव इंच पुढं ठेवून दोन्ही तुकडे आधी धावदोऱ्यानं जोडायचे, मग ती पुढची कडा मागच्या कडेवर दुमडून पुन्हा हातानं बारीक टाके घालायचे. शिवण सपाट बसते, अंगाला टोचत नाही, आणि ताण दोन ओळींत वाटला जातो. नेसताना दंड आतल्या फेऱ्यात दडवला की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

चादरीला हीच युक्ती उभ्या बाजूनं लागू पडते. मधोमध विरलेली चादर लांबीत उभी कापायची, दोन्ही बाहेरच्या किनारी आत आणून जोडायच्या आणि विरलेल्या कडा आता बाहेर गेल्या, त्या दुमडून टिपायच्या. चार-पाच वर्षं मिळतात. मधली शिवण पाठीला लागते अशी तक्रार येते, ती शिवण सपाट न घातल्यामुळं.

या सगळ्या व्यवहाराला एकच नियम आहे आणि तो घरोघरी न सांगता पाळला जायचा: जुन्या कापडाला आधीपेक्षा हलकं काम द्यायचं. लुगड्याचा परकर, परकराचं झबलं, झबल्याचं बाळुतं, बाळुत्याचं पोतेरं. उतरंडीत जसं प्रत्येक मडकं खालच्यापेक्षा लहान, तसं. बिघडतं ते ही पायरी चुकवली की. विरलेल्या धोतराची विजार शिवली तर पहिल्यांदा मांडी घालून बसताच ती बैठकीला उसवते; त्याच धोतराचे उशीचे अभ्रे शिवले असते तर पाच-सहा वर्षं चालले असते. दोष शिवणीचा नसतो, कापडाला त्याच्या वयापेक्षा जड काम दिलेलं असतं.

हे सगळं सुत, रेशीम, लोकर यांनाच लागू. इचलकरंजीला १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला, पुढं विट्यातही मागांचा खडखडाट सुरू झाला. त्यामुळं सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्याला सुताचं अप्रूप कधी नव्हतं. जुन्या ट्रंका उघडल्या की पंचे, धोतरं, पातळं निघतात. पण त्यांच्या घडीतच टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सुत, लपलेलं असतं, आणि हात फसतो. शंका आली तर शिवणीच्या आतल्या कडेचे चार-पाच धागे काढावेत, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सुत भुर्रकन जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राखाडी मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर कुरकुरत जळतात, ज्योत काढली की विझतात, केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा बोटात चुरडतो. पॉलिएस्टर जळण्याआधी वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागं टणक मणी ठेवतं, तो चुरडत नाही. टेरिकॉटमध्ये राखही असते आणि मणीही. रेयॉन मात्र सुतासारखंच जळून फसवतं. त्याला ओलं करून ताणायचं. सुत ओलं झालं की अधिक बळकट होतं, रेयॉन ओलं झालं की निम्म्यावर येतं.

टेरिकॉटचा शर्ट जुना झाला म्हणून मऊ होत नाही. त्यातलं सुत धुण्यात झिजून जातं आणि उरतं ते पॉलिएस्टर. म्हणजे कापड वर्षानुवर्षं कमी सुती होत जातं. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत लहान मुलाच्या अंगात ते घालणं हा छळ आहे. असलं कापड भांडीवालीला देऊन एखादं पातेलं घ्यावं. सुती लुगडं मात्र तिला देऊ नये. ती त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त ओळखते.

धुणं आणि डाग. सांगलीत राहून कपड्याला हळद लागली नाही असं होत नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद बाजारात जेवढी चोख, तेवढीच धोतरावर. डागाला साबण लावला की तो एकदम लालभडक होतो आणि घरातलं माणूस घाबरतं. घाबरू नये. साबणातल्या क्षाराला हळद तसाच जबाब देते. साबण पूर्ण काढून कापड ओलंच उन्हात टाकायचं, वाळलं की पुन्हा भिजवायचं, पुन्हा टाकायचं. दोन-तीन दिवसांत ऊनच डाग खातं. तुरटी लावू नये, ती रंग काढायची नव्हे तर बसवायची वस्तू आहे. आणि रंग सुटणाऱ्या कापडाला मीठ लावून तो पक्का होईल ही आशाही सोडावी. ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून इस्त्री फिरवायची. रुमाल रंगला तर ते कापड पांढऱ्याला जोडायचं नाही, संपला विषय.

पुरातून निघालेल्या कपड्यांचं वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा कपाटंच्या कपाटं गाळात बुडाली. गाळाचं कापड ओलं असताना घासायचं नाही, गाळाचे कण धाग्यात रुतून करवतीसारखं काम करतात. पूर्ण वाळू द्यायचं, झटकायचं, मऊ ब्रशनं झाडायचं, मग नुसत्या पाण्यातून पाणी स्वच्छ येईतो काढायचं आणि शेवटी साबण. अंगठ्याची परीक्षा अशा कापडाला दोनदा द्यावी, एकदा वाळल्यावर आणि एकदा धुतल्यावर.

उसवण्यात घाई करणाऱ्याला जुनं कापड माफ करत नाही. शिवण दोन्हीकडून ओढून टरकवली की धागा तुटत नाही, कापड तुटतं. ब्लेडनं किंवा उसवणीनं एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापत जायचं आणि मग उलट बाजूचा दोरा ओढायचा, तो अखंड निघून येतो. एका बैठकीत एकच कपडा उसवावा. चार शर्ट, दोन पातळं एकदम उसवून ठेवली की कुठली बाही कुणाची ते कळत नाही आणि होतं ते एक ना धड भाराभर चिंध्या. उसवलेले तुकडे सुटे धुऊन, किंचित ओलसर असताना उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री करायचे. तिरकी इस्त्री फिरली की जुनं कापड वाकडं ताणलं जातं आणि कापलेला तुकडा शिवताना जुळत नाही.

मऊ पडलेलं सुत कात्रीखाली आणि मशीनच्या पायाखाली सरकतं, म्हणून त्याला आधी पातळ खळ द्यावी. भाताची पेज गाळून तिच्यात तिप्पट पाणी घातलं तरी पुरतं. कापड कागदासारखं वागू लागतं, रेघ सरळ पडते. शिवून झालं की खळ धुऊन काढायची आणि मगच ठेवायचं. खळीच्या कपड्यांना कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, सोडत नाही.

कापडाची घडी घालून दोन तुकडे एकदम कापायची सवय इथं मोडावी लागते. वरचा थर शाबूत असतो आणि खालच्याला नेमकं विरलेलं ठिकाण आलेलं असतं. एकेरीच कापायचं. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्याला आपले शिंपी माया म्हणतात. हा शब्द ज्यानं लावला त्याला कापड कळत होतं. नव्या पॉपलिनला अर्धा इंच माया चालते. जुन्याला पाऊण इंच, आणि फारच विसविशीत असेल तर एक इंच. कारण जुन्या कापडाचे धागे शिवणीतून सरकतात. माया कमी पडली की टीप जागेवर राहते आणि कापड तिच्यातून निघून जातं.

पुरुषाच्या ४० नंबरच्या सुती शर्टातून दोन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक निघतो तो असा. शर्टाची एकूण उंची २९ इंच, बगलेखाली सपाट रुंदी २२. वरचे १० इंच, म्हणजे कॉलर, खांद्यावरचा तीरा आणि घामानं खाल्लेली बगल, सोडून द्यायचे. खाली १९ इंच उरतात आणि ते शर्टाचं सगळ्यात निरोगी अंग. फ्रॉकची उंची १८ ठेवली की बसतं. शर्टाची पुढची बाजू फ्रॉकची पाठ करायची. बटणपट्टी आणि काजं तयार मिळतात, आणि काजं हे शिवणकामातलं सगळ्यात कटकटीचं काम असल्यामुळं ही मिळकत लहान नाही. बटणं लावून, पट्टी कच्च्या दोऱ्यानं बंद करून मगच कापड पसरायचं.

छाती २१ इंच, तिच्यात ४ इंच सैलपणा, म्हणजे २५. एका बाजूचे साडेबारा, दोन्हीकडं पाऊण इंच माया, मुंढ्याखाली, म्हणजे बगलेच्या गोलाईखाली, रुंदी १४. तिथून खाली तिरकी रेघ काढत शर्टाच्या पुऱ्या २२ इंच घेरापर्यंत जायचं. तीरा, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी, ९, गळ्याची रुंदी साडेचार, म्हणजे दोन्ही खांद्यांना सव्वादोन-सव्वादोन. मुंढ्याची खोली पाच-सव्वापाच. पुढचा गळा अडीच-पावणेतीन इंच खोल, पाठीचा दीड. इथं एक चूक हटकून होते. पाठीचा गळा कापताना रेघ बटणावरून जाते, किंवा पहिलं बटण गळ्यापासून तीन इंच खाली येतं आणि पाठ उघडी पडते. गळ्याच्या कडेपासून पाऊण इंचावर बटण येईल असा मापाचा कागद वर-खाली सरकवून बघायचा, मग कापायचं. शर्टाचा घेर बाजूंना गोल वर चढलेला असेल आणि तो सरळ हवा असेल तर दोन-अडीच इंच जातात, मग तोच फ्रॉक वर्षाच्या मुलीला बसतो. माझं मत विचाराल तर तो गोलवा तसाच ठेवावा, छान दिसतो आणि शिवलेली दुमड फुकट मिळते.

गळ्याला आणि मुंढ्यांना शर्टाच्या बाहीतून उरेब पट्ट्या काढायच्या, सव्वा इंच रुंद. गळ्याला १६ इंच, प्रत्येक मुंढ्याला १२. पट्टी नेमकी पंचेचाळीस अंशात तिरकी पाहिजे. सरळ धाग्यात कापली तर गोलाईवर चुण्या पडतात, आणि नव्या शिकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडली. कॉलरमधलं बकरम पुन्हा वापरायचा मोह टाळावा, त्याला चिकटलेला डिंक वाळून त्याचे फोड आलेले असतात.

राहिला खिसा. तो उसवला की खाली गडद चौकोन निघतो, कारण तेवढ्या कापडानं ऊन पाहिलेलं नसतं. आता तो फ्रॉकच्या पाठीवर वर दिसणार. खिशाच्या कापडाची आतली बाजूही अशीच गडद असते. ती बाजू वर करून पुढच्या अंगावर छोटा खिसा लावला की मागचा चौकोन आणि पुढचा खिसा एकमेकांचे सगे वाटतात, चूक ठरवून केल्यासारखी दिसते. शिंप्याच्या अर्ध्या कल्पना अशाच जन्मतात.

आता मशीन. पायडलची असो की विजेची, सुई ११ नंबरची, नवी. १६ ची सुई मलमलीला भोकं पाडते. टाका एरवी इंचाला १२ असतो, तो ९-१० वर आणायचा. जवळजवळ टाके म्हणजे मजबुती ही समजूत नव्या कापडापुरती ठीक आहे. जुन्यात प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि भोकांची दाट ओळ म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ती तिथंच फाटणार. पायाचा दाब कमी करायचा. पातळ कापड सुईच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली पतंगाचा कागद घालून टीप मारायची आणि कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा बळकट म्हणून सगळे तोच लावतात आणि घोळ तिथंच होतो. दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड चिरतं. सुती दोरा असेल तर तो आधी तुटतो. तुटलेली शिवण पाच मिनिटांत पुन्हा घालता येते. चिरलेल्या कापडाला ठिगळ, आणि ठिगळाची हद्द कुठं संपेल ते सांगता येत नाही. ठिगळ लावायचंच तर भोकाच्या मापाचं नको. भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं, म्हणून घट्ट कापड लागेपर्यंत बाहेर जायचं, तिथून आणखी एक इंच. ठिगळाचं कापड मूळ कापडाइतकंच जुनं पाहिजे. नवं ठिगळ पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला चहूबाजूंनी ओढतं. नवं अस्तर लावतानाही हेच. ते आधी दोनदा पाण्यातून काढून वाळवून घ्यायचं.

लुगड्याच्या परकराला काठ हाच दागिना. सात वर्षांच्या मुलीला कमरेपासून घोट्यापर्यंत साधारण २८ इंच लागतात. २ इंच नेफ्याला, आणि दोन आडव्या चुण्या प्रत्येकी दोन-दोन इंच खाणाऱ्या, म्हणजे एकूण ३४. काठ खाली ठेवून अडीच वार लांबीचा तुकडा या मापानं कापला की ४५ इंच पन्ह्यातून, म्हणजे लुगड्याच्या रुंदीतून, वर ११ इंचांची पट्टी उरते, दुसऱ्या काठासकट. तिच्यातून पोलकं निघतं, पण पाठ अखंड निघत नाही, मधोमध जोड द्यावा लागतो. पुढच्या दोन्ही भागांना काठ उघड्या कडेनं उभा घेतला आणि बाह्यांना खाली घेतला तर तो जोड कुणी बघत नाही. अशा परकरात लुगड्याचे आडवे धागे उभे लटकतात, भार त्यांच्यावर येतो. म्हणून अंगठ्याची परीक्षा त्या दिशेनं आवर्जून घ्यायची. चुण्या मूल वाढेल तशा एकेक सोडायच्या. सोडल्या की तिथं गडद पट्टा दिसतो, त्यावर नागमोडी लेस लावायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही.

इरकली लुगड्याशी जरा जपून. त्याचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी, आणि दोन्हींचे उभे धागे विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. तो सांधा देखणा असला तरी दोन्हीकडचं कापड वेगवेगळं झिजतं, वेगवेगळं आटतं. सांध्यावरून आडवा कपडा कापला की एक बाजू चुणते. पदर पदराचा, अंग अंगाचं.

रेशमाबद्दल थोडक्यात. ते वापरानं कमी आणि घडीनं जास्त मरतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी त्याच रेघेवर तुटते, जरीच्या भारानं लवकर तुटते. हल्ली अशा साड्यांचे कुर्ते शिवायची हौस आहे. शिवावेत, पण घडीच्या रेघा टाळून कापावेत, आख्ख्या तुकड्याला मागून मलमल लावावी आणि टाचण्या मायेच्या आतच टोचाव्यात, कारण रेशमात पडलेलं भोक बुजत नाही. सुई ९ नंबर. लहान मुलाला जरीचं काही अंगालगत शिवू नये, जर खरडते.

जत, आटपाडी, माण या बाजूची धनगरी घोंगडी तर मशीनला दादच देत नाही. चिंचोक्याच्या खळीनं ती ताठ केलेली असते. गार पाण्यात नुसती बुचकळून खळ उतरवायची. गरम पाणी आणि घासणं आलं की लोकर जमून आक्रसते. तिच्यातून आसनं चांगली होतात, थंडीची बंडी होते. कापलेल्या कडा दाभणानं जाड दोरा घेऊन काजाच्या टाक्यानं बांधून घ्यायच्या, त्याशिवाय धागे सुटायचे थांबत नाहीत.

तान्ह्या बाळाला नवं कापड लगेच अंगाला लावायचं नाही ही रीत आपल्याकडं घट्ट आहे आणि तिच्यामागं हाताला कळणारं कारण आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुतात खळ नाही, सुटा रंग नाही, धाग्याला टोक नाही. आजीच्या लुगड्याचं झबलं शिवताना शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, बाळाच्या अंगाला सपाट बाजू. बटण नको, बंद लावायचे, तेही बोटभर लांबीचे. लांब बंद गळ्याभोवती गुंततात. लंगोटाला २४ इंचाचा चौकोन तिरका दुमडला की पुरतो. बाळुत्यांना कड टिपायचीही गरज नाही. विरलेला भाग, जो कशालाच चालला नाही, तो इथं सगळ्यात चांगला, कारण तो सगळ्यात जास्त ओल ओढतो.

यातूनही जे उरतं त्याची वाकळ, म्हणजे गोधडी. एका नऊवारीतून सहा फुटी चार तुकडे निघतात, वर एक वार शिल्लक. चार ते सहा थर पुरे. त्याहून जास्त केले तर ऊब वाढते हे खरं, पण घटस्थापनेआधी नदीवर धुवायला नेलेली ओली वाकळ दोन माणसांना पिळवत नाही. शाबूत तुकडे वर आणि खाली, विरलेले मध्ये. विरलेल्यानं इथं भार उचलायचा नसतो, फक्त जागा धरायची असते. जमिनीवर पसरून चारी कोपरे ताणायचे, त्यावर पाटा-वरवंट्यासारखं वजन ठेवायचं आणि आधी मधून फुली मारल्यासारखे लांब कच्चे टाके घालायचे. हे टाळून थेट कडेनं शिवत आत गेलं की सगळा झोळ मधोमध गोळा होतो आणि वाकळीला फुगा येतो. तो शेवटच्या फेरीशिवाय दिसत नाही आणि तेव्हा पूर्ण उसवण्यावाचून इलाज नसतो. कच्चा दोरा झाला की कडेपासून धावदोऱ्याची चौकोनी फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं मध्यापर्यंत. प्रत्येक टाक्याला सुई सगळ्या थरांतून खाली जमिनीला टेकून वर आली पाहिजे. टेकली नाही तर खालचा थर लोंबतो आणि पहिल्याच धुण्यात पिशवी होते.

लुगडं कितीही विरलं तरी काठ उरतो. पंचा, बाळुतं, पोतेरं, देवळातल्या काकड्याची चिंधी, सगळं झालं तरी तो घट्टच असतो, कारण त्यात धागे दाट बसवलेले असतात. काठ कात्रीनं न कापता चीर देऊन उभा फाडायचा, उभ्या धाग्याच्या रेघेत सरळ फाटतो. दोन बोटं रुंद घेऊन मधे दुमडून एक टीप मारली की नाडी तयार. विकतच्या गुळगुळीत नाडीची गाठ सुटते, हिची सुटत नाही. टोकाला पिन अडकवायची, परकराच्या नेफ्यात घालायची, एका हातानं पिन पुढं सरकवत दुसऱ्यानं चुण्या मागं ओढत जायचं. मधल्या जोडाशी पिन अडते, तिथं जोर करू नये, पिन जराशी आडवी केली की निघते.